उपनगरांतील अजगर आणि त्याच्या अंड्यांचे रक्षण

बृहन्मुंबईच्या नकाशावर पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन लोहमार्गांच्या मधोमध हिरव्या रंगाचा एक मोठा पट्टा दिसतो. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या अरण्याला पश्चिमेकडून बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगाव आणि पूर्वेकडून मुलुंड व भांडुप ही उपनगरे खेटून वसली आहेत. दक्षिणेस आरे दुग्ध वसाहतीची कुरणे अंधेरीच्या वेशीपर्यंत येतात. पवईचा तलाव, घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्या आणि त्यांच्या पूर्वेस ठाणे खाडीच्या काठची खारफुटी अशी हिरवळीची तुटक साखळी त्यापुढेही चालू राहते. शहरास पाणी पुरविणारा विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला आणि पुढे तुळशीचा तलाव झाला. या तलावांचे पाणलोट क्षेत्र राखणे भाग पडल्यामुळेच भोवतालचे डोंगर घरांखाली गेले नाहीत. या जंगलातील बिबट्याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या अजगराकडे मात्र लोकांचे लक्ष जाते ते तो कुंपणाच्या आत आल्यावरच.

अजगर कुंपणाच्या आत येतो, त्याचे कारण बहुधा माणसानेच निर्माण केलेले असते. उघड्यावर पडलेल्या कचऱ्यामुळे उंदीर व घुशी वाढतात आणि त्यांच्या मागावर अजगर येतो. कोंबड्यांची खुराडी असतील तर तेही त्याला आमंत्रणच ठरते. आरे वसाहतीतील गोठे, मुलुंड व भांडुपच्या डोंगरउतारावरील गृहसंकुले, पवईचा परिसर, जलवाहिन्यांच्या कडेची झुडपे अशा ठिकाणी अजगर आढळल्याच्या वार्ता वरचेवर येतात. अजगर दिसल्यास त्याला न मारता वनखात्यास कळवावे, इतकी जाणीव आता उपनगरांतील नागरिकांत बऱ्यापैकी रुजली आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु राडारोड्याच्या ढिगाखाली किंवा दगडी भिंतीच्या पोकळीत अंड्यांवर वेटोळे घालून बसलेली मादी आढळली, तर काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर अद्याप सर्वांस ठाऊक नाही. चांगल्या हेतूने, पण घाईने केलेल्या सुटकेतून आई एकीकडे व अंडी दुसरीकडे होतात आणि वीस-तीस जीव कवचातच संपतात.

अजगराचा विणीचा काळ

महाराष्ट्रात आढळणारा अजगर हा भारतीय अजगर होय. कोकणात त्याला 'आर' असेही म्हणतात. त्याची लांबी सामान्यतः तीन मीटरच्या आसपास असते, मात्र याहून बरेच मोठे अजगरही नोंदले गेले आहेत. तो बिनविषारी असून भक्ष्याला विळखा घालून मारतो. मागील पायांचे अवशेष म्हणून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस नखीसारखे लहान काटे असतात. नरामध्ये ते अधिक ठसठशीत असल्याने जाणकारास त्यावरून नर-मादीचा अंदाज करता येतो.

नर-मादीचे मीलन थंडीत, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. त्यानंतर दोन ते चार महिन्यांनी, मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, मादी अंडी घालते. तत्पूर्वी काही आठवडे ती एकदा कात टाकते. एका वेळी वीस ते पन्नास अंडी ही नित्याची संख्या असली तरी शंभरापर्यंतच्या नोंदी आहेत. अंडे पांढुरके आणि कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीचे असते. त्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे ठिसूळ नसून चामड्यासारखे लवचिक असते. घातल्यानंतर थोड्याच वेळात ही अंडी एकमेकांस चिकटून त्यांचा एक घट्ट गठ्ठा बनतो. साळिंदराचे सोडलेले बीळ, झाडाची ढोली, खडकाची कपार, जुने वारूळ अशी जागा मादी पसंत करते. उपनगरांत या जागा नसल्या, तर बांधकामाच्या दगड-विटांचा ढीग अथवा पडीक गोदामाचा कोपराही तिला पुरतो. राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. एस. भूपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अजगराचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेथील अजगर साळिंदरांच्या बिळांचा आसरा मोठ्या प्रमाणावर घेतात, असे त्यात दिसून आले.

अंडी घातल्यावर बहुतेक साप ती सोडून निघून जातात. अजगराची मादी मात्र गठ्ठ्याभोवती वेटोळे घालून, त्यावर डोके टेकवून सुमारे दोन महिने बसून राहते. या काळात ती जवळजवळ काहीही खात नाही. तिच्या या बैठकीमागे एक मोठे शास्त्रीय रहस्य दडलेले आहे. साप हा शीत रक्ताचा प्राणी, तो स्वतः उष्णता निर्माण करू शकत नाही, अशी सर्वसाधारण समजूत. १८३२ मध्ये लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने, भारतात अजगराची मादी आपल्या शरीराच्या उष्णतेने अंडी उबविते, असे पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडले, तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयातील मादीच्या वेटोळ्यांत तापमापक ठेवून वालांसिएन या शास्त्रज्ञाने ती गोष्ट खरी असल्याचे दाखविले. पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीवर झालेल्या प्रयोगांनी त्यामागील क्रियाही उलगडली. हवा थंड होऊ लागली की मादी आपले स्नायू तालबद्ध रीतीने आकुंचित करते आणि या कंपनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे अंडी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार राहतात. माणूस थंडीत कुडकुडतो, तसाच हा प्रकार. पण येथे तो स्वतःसाठी नसून पिल्लांसाठी असतो.

मुंबईच्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. एप्रिल-मे महिन्यांत उपनगरांतील रात्रीसुद्धा फारशा थंड नसतात. म्हणजे येथील मादीला कुडकुडण्याची गरज कमीच पडत असावी. येथे खरा धोका अतिउष्णतेचा आणि शुष्कतेचा आहे. मादीची वेटोळी अंड्यांतील ओलावा धरून ठेवतात. ती बाजूस झाली आणि अंडी पत्र्याच्या छपराखाली किंवा तापलेल्या काँक्रीटवर उघडी पडली, तर त्यांतील पाणी झपाट्याने उडून जाते. मादीला पकडून नेले आणि 'अंडी आपोआप फुटतील' म्हणून तेथेच ठेवली, तर ती बहुधा वाया जातात. उरलेले काम मुंग्या, घुशी, मुंगूस आणि भटकी कुत्री करतात.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अजगराचा समावेश आहे, म्हणजेच वाघ-बिबट्याच्या बरोबरीचे संरक्षण त्याला लाभले आहे. 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या या अधिनियमात दिली आहे, ती पुष्कळांस चकित करील. प्राण्यास ठार मारणे किंवा पकडणे एवढ्यापुरतीच ती मर्यादित नाही. पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणे, इतकेच नव्हे तर त्यांची अंडी वा घरटी विस्कटणे, हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते. अनुसूची १ मधील प्राण्याच्या बाबतीत या अपराधास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आहे, आणि २०२२ च्या सुधारणेनुसार दंड किमान २५ हजार रुपये आहे. तेव्हा हौसेखातर अंडी घरी नेऊन उबविणे, मग हेतू कितीही भूतदयेचा असो, कायद्यास मान्य नाही. शिक्षण, शास्त्रीय संशोधन अशा प्रयोजनांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. प्राणिसंग्रहालयांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता व त्याचे नियम पाळावे लागतात. सर्पमित्रांनीही अंड्यांचे काम वनखात्याच्या सूचनेनुसार व देखरेखीखालीच करावयाचे असते.

वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे.

आधी ओळख, मग उपाय

कळविण्यापूर्वी नागरिकाने एवढेच करावे की लांब उभे राहावे आणि लहान मुलांस व कुत्र्यांस दूर ठेवावे. हा इशारा केवळ अजगराच्या हितासाठी नाही. घोणस हा आपल्याकडील अत्यंत विषारी साप, आणि अजगराचे पिल्लू समजून घोणशीला हात घालण्याची चूक आजवर अनेकांनी केली आहे. दोन्ही साप जाडजूड, संथ आणि तपकिरी ठिपक्यांचे असल्याने हा घोटाळा होतो. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या दुव्यांसारख्या, नियमित आकाराच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि डिवचल्यास ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराचे ठिपके मात्र वेडेवाकडे असून एकासारखा दुसरा नसतो. घोणस अंडी न घालता थेट पिल्ले देते, म्हणून अंड्यांवर वेटोळे घालून बसलेला साप घोणस नव्हे, असे म्हणता येते. परंतु नागिणीदेखील आपल्या अंड्यांजवळ थांबतात, आणि अंधाऱ्या कपारीत डोकावून वेटोळी कोणाची हे ठरविण्याचा प्रयत्न सामान्य माणसाने करू नये. ज्या घोळक्यात प्रत्येकजण भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेण्यास पुढे सरसावतो, त्या घोळक्यातच अपघात होतात.

वनखात्याचे पथक आल्यावर पहिला विचार व्हावयास हवा तो अंडी न हलविण्याचा. आई अंड्यांवर बसलेली आहे, जागा सावलीची आहे आणि दोन महिने तेथे कोणाचे काम अडत नाही, अशा स्थितीत ती जागा दोरी लावून बंद करणे आणि वनरक्षकाने अधूनमधून लांबून पाहणी करणे यापेक्षा चांगला उपाय दुसरा नाही. मादीइतके अचूक उबवण-यंत्र अजून कोणी बनविलेले नाही. यासाठी थोडी गैरसोय सोसावी लागते, पण ती अशक्य नाही. केरळमधील कासरगोड येथे २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाचे काम चालू असता अजगराची २४ अंडी आढळली. ते काम करणाऱ्या उरलुंगल श्रमिक सहकारी संस्थेने वनखात्याच्या सांगण्यावरून तेवढ्या भागातील काम ५४ दिवस थांबविले. अंडी फुटण्याच्या बेतात आली तेव्हाच ती हलविण्यात आली आणि निघालेली पिल्ले अरण्यात सोडण्यात आली. महामार्गाचे काम थांबू शकते, तर एखाद्या गृहसंकुलाची संरक्षक भिंत दोन महिने थांबण्यास हरकत नसावी.

पण प्रत्येक वेळी हे शक्य नसते. दरड कोसळली, यंत्राने ढीग उपसला गेला, आई मेली अथवा बिथरून निघून गेली, किंवा अंडी एखाद्या शाळेच्या आवारातच आढळली, तर ती काढून सुरक्षित जागी उबविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

अंडी काढण्याची रीत

हे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी, ऊन नसताना करणे श्रेयस्कर. अजगराच्या लांबीच्या दर मीटरमागे निदान एक प्रशिक्षित माणूस हवा, असा जाणत्यांचा साधा हिशेब आहे. तीन मीटरच्या मादीसाठी तीन माणसे, आणि पेटी धरण्यास आणखी एक. मादीला धक्का लावण्यापूर्वी जागेचे छायाचित्र घ्यावे आणि शक्य असल्यास वेटोळ्यांलगतचे तापमान मोजून लिहून ठेवावे, कारण पुढे उबविताना तेच तापमान मार्गदर्शक ठरते.

मादीच्या डोक्यावर प्रथम सुती कापड टाकावे. अंधार झाला की ती बरीच शांत होते. एकाने जबड्याच्या मागे हलक्या पण पक्क्या हाताने आधार द्यावा आणि दुसऱ्याने शेपटीकडून एकेक वेटोळे सोडवीत जावे. येथे घाई सर्वांत घातक. शरीर ओढले तर वेटोळ्यांत अडकलेली अंडी फाटतात, आणि अनेक आठवडे उपाशी असलेल्या मादीच्या पाठीच्या कण्यासही इजा होऊ शकते. अजगर विषारी नसला तरी त्याचे दात मागे वळलेले व अणकुचीदार असतात. चावा बसल्यास हात हिसडून काढू नये, त्यामुळे जखम चिरत जाते. मादीला सुती पिशवीत ठेवून पिशवी सावलीत ठेवावी.

यानंतर अंड्यांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने एक बारीक खूण करावी. शाई वापरू नये, कारण कवच सच्छिद्र असून शाईतील द्रव्ये आत झिरपू शकतात. या लहानशा खुणेवर पुष्कळ काही अवलंबून असते. अंडी घातल्यापासून सुमारे एका दिवसात गर्भ कवचाच्या वरच्या अंगास आतून चिकटतो आणि पिवळा बलक खाली बसतो. मग अंडे उलटले तर बलकाचे ओझे गर्भावर येऊन तो गुदमरतो. पक्ष्याचे अंडे उबविताना ते दिवसातून अनेक वेळा फिरवावे लागते. सापाचे अंडे मात्र मुळीच फिरवावयाचे नसते. कुक्कुटपालनाचा अनुभव असलेली मंडळी येथेच चुकतात. कोंबडीच्या अंड्यांचे यंत्र अजगराच्या अंड्यांसाठी वापरावयाचे झाल्यास त्यातील अंडी फिरविणारी ताटली आधी बंद करणे अगत्याचे आहे.

गठ्ठा एकसंध असेल तर तो तसाच, खालून दोन्ही तळहातांचा किंवा पातळ फळीचा आधार देऊन उचलावा. चिकटलेली अंडी सुटी करण्याचा प्रयत्न करू नये. गठ्ठ्यात एखादे पिवळट, आक्रसलेले अंडे असले म्हणजे ते वांझ असण्याचा संभव असतो, पण ते ओढून काढताना शेजारचे फाटण्याची भीती अधिक. अंधारात बारीक विजेरी कवचाशी धरली असता आत लालसर शिरांचे जाळे दिसले, तर अंडे जिवंत आहे असे समजावे. शंका असल्यास अंडे ठेवावे, टाकू नये.

नेण्यासाठी झाकणाची थर्मोकोलची पेटी उत्तम. तिच्या तळाशी ओलसर, स्वच्छ शेवाळ किंवा व्हर्मिक्युलाइट हे भाजून फुगविलेले खनिज पसरावे. घरट्यातील माती सोबत घेऊ नये, तीत मुंग्या व बुरशी असण्याचा फार संभव असतो. दुचाकीवरून अंडी नेणे टाळावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत पेटी दहा मिनिटे ठेवणेसुद्धा अंड्यांच्या जिवावर बेतू शकते.

उबवण

उबविण्याच्या पेटीत तापमान ३१ ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राखावे. व्हर्मिक्युलाइटमध्ये साधारण त्याच्या वजनाइतके पाणी मिसळून अंडी त्यात अर्धी रुतवावीत. हवा जवळजवळ पूर्ण दमट हवी, मात्र झाकणावर साठलेले पाण्याचे थेंब अंड्यांवर टपकता कामा नयेत. आठवड्यातून दोनतीन वेळा झाकण क्षणभर उघडून ताजी हवा द्यावी. उपनगरांत अधूनमधून वीज जाते. तापमान काही तास दोनतीन अंशांनी उतरले तर वाढ मंदावते, एवढेच. परंतु नियंत्रक बिघडून ते ३५ अंशांच्या वर गेले, तर व्यंग असलेली किंवा मृत पिल्ले निपजतात. म्हणून पेटीला उष्णता देणाऱ्या साधनापेक्षा जास्त उष्णता होताच ते बंद करणाऱ्या साधनावर अधिक खर्च करावा. स्वतंत्र तापमापक आणि दिवसातून दोन वेळा नोंद ही काटकसरीची जागा नव्हे.

सुमारे साठ दिवसांनी अंडी किंचित चेपलेली दिसू लागतात. मुदतीच्या अखेरीस हे स्वाभाविक आहे. पहिल्या काही आठवड्यांतच चेपली, तर मात्र ओलावा कमी पडत असल्याची ती खूण. पुढे पिल्लू नाकाच्या टोकावरील लहानशा दाताने कवचाला चीर पाडते आणि डोके बाहेर काढून तसेच एक-दोन दिवस आत बसून राहते. उरलेला बलक याच वेळी त्याच्या पोटात शोषला जात असतो. ते अडकले आहे, असे वाटून त्याला बाहेर ओढण्याचा मोह अनेकांस होतो. तसे केल्यास बलकाची पिशवी फुटून पिल्लू मरते.

पैदास करावी काय?

अंडी इतक्या यशस्वीपणे उबविता येत असतील, तर अजगरांची पैदासच का करू नये, असा प्रश्न सहजच मनात येतो. बंदिवासात अजगरांची वीण ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हिवाळ्यात काही आठवडे तापमान उतरवून नर-मादीस एकत्र आणले की मीलन होते. २००३ मध्ये तर, ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मी अजगराची मादी नराशिवाय सजीव गर्भाची अंडी घालते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. व्हिएतनाम व थायलंडमध्ये मांस आणि कातडे यांसाठी अजगरपालन चालते. भारतात कायद्याने त्यास वाव नाही, आणि या शहराला त्याची गरजही दिसत नाही. उपनगरांतील अजगरास उणीव आहे ती निवाऱ्याची. पिंजऱ्यात शंभर पिल्ले काढली तरी राडारोड्याने बुजलेली एक ओहोळाची कड त्यातून मोकळी होत नाही.

हौशी पैदाशीचा धोका आणखी वेगळा आहे. अंधेरीच्या विमानतळावर परदेशी सापांची चोरटी आयात वेळोवेळी उघडकीस आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या पाकिटांत दडविलेले ९ बॉल अजगर व २ कॉर्न स्नेक आढळले. परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांस आता २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे नोंदणी करणे, आणि त्यांच्या वंशवृद्धीचीही माहिती देणे बंधनकारक आहे. असा साप मोठा झाला, की कंटाळलेला मालक त्याला जंगलात सोडतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ब्रह्मी अजगर असेच फैलावले. तेथील एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात रॅकून व ऑपोसम हे एके काळी सर्रास दिसणारे प्राणी जवळजवळ दिसेनासे झाल्याचे २०१२ मधील अभ्यासात आढळले. २०२२ मध्ये तेथे जाहीर करण्यात आलेल्या एका मादीच्या पोटात वाढीस लागलेली १२२ अंडी होती. तेथील कर्मचारी अजगराची अंडी शोधतात ती नष्ट करण्यासाठी. ब्रह्मी अजगर आणि भारतीय अजगर यांचा संकर होऊ शकतो, आणि बंदिवासातील सापांचे रोग रानातील सापांस लागू शकतात. बोरिवलीच्या जंगलाच्या वेशीवर असा साप सुटणे परवडणारे नाही. या कारणास्तव सोडविलेली देशी अंडी परदेशी सापांच्या खोलीत, किंवा त्यांच्यासाठी वापरलेल्या उपकरणांनी, कदापि उबवू नयेत.

पिल्लांची पाठवणी

मादीला अंड्यांपासून वेगळे केल्यास तिची तपासणी करून, पाणी देऊन, ती सापडली त्या परिसरालगतच्याच जंगलात शक्य तितक्या लवकर सोडावे. दूर नेऊन सोडलेल्या सापास निवारा व भक्ष्याच्या जागा ठाऊक नसतात, आणि तो भटकत राहून रस्त्यावर मरण्याचा संभव वाढतो.

मे महिन्यात आलेली अंडी जुलैमध्ये फुटतात. अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीची ही पिल्ले जन्मतःच स्वतंत्र असतात. त्यांना आईची गरज नसते. साधारण आठवडा-दहा दिवसांत ती पहिली कात टाकतात आणि त्यानंतर भक्ष्य घेऊ लागतात. त्यांना माणसाच्या हाताची सवय होण्यापूर्वी, वनाधिकाऱ्यांसमक्ष पंचनामा करून, सोडणे इष्ट. सर्व पिल्ले एकाच झुडपात ओतू नयेत. मुंगूस, घारी, घोरपडी यांच्या नजरेस ती एकदम पडू नयेत, यासाठी ओढ्याच्या कडेने, दाट झाडोऱ्यात, थोड्याथोड्या अंतरावर ती सोडावीत. संध्याकाळची वेळ आणि रिमझिम पाऊस या कामास सोयीचा. किती अंडी आली, किती फुटली, किती पिल्ले कोठे व कोणत्या दिवशी सोडली, याची नोंद वनखात्याच्या दप्तरात ठेवावी, आणि अंडी मुळात जेथे सापडली ती जागाही त्यात लिहावी. चांगली जागा मिळाली, तर मादी पुन्हा विणीच्या वेळी तेथे येऊ शकते. तेव्हा पुढील मार्चमध्ये तेथील ढीग उपसण्याआधी वनरक्षकाने एकदा जाऊन पाहिले, तर पुढचे सारे कष्ट वाचतील.